पैसे एकाचे, निवड दुसऱ्याची: आरोग्यविमा आणि औषधउद्योगाचे हितसंबंध

सार्वजनिक आरोग्यविम्यात उपचार रुग्ण घेतो, ते ठरवतो डॉक्टर आणि पैसे भरते सरकार. वस्तू निवडणारा आणि तिची किंमत मोजणारा वेगळा असला, की विक्रेत्याचे सारे लक्ष निवडणाऱ्याकडे वळते. औषध आणि वैद्यकीय उपकरण कंपन्यांच्या दबावाचे मूळ या रचनेत आहे.

महाराष्ट्रात ही रचना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने २०१२ मध्ये आणली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना हे नाव मिळाले. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती सर्व कुटुंबांना लागू करून दीड लाखांचे संरक्षण पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. मिरा-भाईंदरचा रुग्ण योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, शिधापत्रिका दाखवतो, पूर्वमंजुरी मिळते आणि ठरलेल्या पॅकेजमध्ये उपचार होतात. पॅकेजची रक्कम बांधलेली असल्याने महाग वस्तू वापरण्याचा मोह कमी होतो. पण स्वस्तात भागवण्याचा किंवा रुग्णाकडून वरचे पैसे घेण्याचा मोह वाढतो. शिवाय पॅकेजचे दर बाजारभाव पाहून ठरतात, म्हणून बाजारात किंमत फुगली की तिचा भार अखेर सरकारी तिजोरीवर येतो.

हृदयाच्या स्टेंटचे उदाहरण बोलके आहे. स्टेंटच्या किमतीवर नियंत्रण यावे, यासाठी वकील बीरेंदर सांगवान यांनी दिल्ली उच्च न्यायालयात पाठपुरावा केला. २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने औषधयुक्त स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. तोवर तो लाखाच्या वर विकला जात होता, आणि साखळीतील नफा काही ठिकाणी ६५४ टक्क्यांपर्यंत गेल्याचे प्राधिकरणाला आढळले होते. त्यानंतर अ‍ॅबट कंपनीने काही स्टेंट भारतातून मागे घेण्याची परवानगी मागितली. अमेरिकी उपकरण उद्योगाच्या अर्जावरून २०१८ मध्ये भारताला अमेरिकेत मिळणाऱ्या व्यापार सवलतींचा फेरविचारही सुरू झाला. किंमतबंदी तरीही टिकली. स्टेंटची किंमत, ब्रँड, उत्पादक आणि बॅच क्रमांक बिलात स्वतंत्रपणे लिहिण्याचे बंधनही प्राधिकरणाच्या २०१७ च्या त्याच आदेशाने रुग्णालयांवर घातले. बिलातील या एका ओळीमुळे रुग्णाला आणि लेखापरीक्षकाला दराची खातरजमा करता येते.

कंपन्यांच्या दबावाचा दुसरा मार्ग डॉक्टरांच्या दवाखान्यातून जातो. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, सहली वा रोख घेण्यास भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये मनाई केली. या भेटींवरचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅपेक्स लॅबोरेटरीज खटल्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. असा खर्च शेवटी औषधाच्या किमतीतूनच वसूल होतो, हे न्यायालयाने स्पष्टपणे मांडले. महाराष्ट्रात २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी (रुग्ण पाठवण्याबद्दल दलाली घेण्याविरोधी) कायद्याचा मसुदा तयार झाला, पण कायदा झाला नाही. मार्च २०२४ च्या केंद्रीय औषध विपणन संहितेत तक्रारी ऐकणाऱ्या नीती समित्या उद्योगसंघटनांच्याच आहेत. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच घरात न्यायनिवाडा, हा हितसंबंधांचा उघड संघर्ष आहे.

उपाय रचनेतच करावे लागतील. दर ठरवणाऱ्या आणि उपचारसूची तयार करणाऱ्या समित्यांतील सदस्यांनी आपले आर्थिक संबंध लेखी जाहीर करावेत आणि संबंध असलेल्या विषयावर मत देऊ नये. कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या प्रत्येक रकमेची नोंद लोकांना पाहता यावी. तक्रारींचा निवाडा उद्योगाबाहेरच्या यंत्रणेने करावा. विम्याचा पैसा जनतेचा आहे; तो कोणत्या निकषावर आणि कोणाच्या सल्ल्याने खर्च होतो, हे जाणण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.