व्यसनमुक्ती : शपथ एकट्याची, साधना कुटुंबाची
(कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



घरातील कर्ता पुरुष दारूच्या आहारी गेला की, ‘त्याला मनोनिग्रहच नाही’, असे आपण म्हणतो. देवासमोर शपथ घेतली जाते आणि चार दिवसांत ती मोडते. शपथ घेताना तो खोटे बोलत असतो काय? बहुधा नाही. मग ती मोडते कशी?

१९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत सूक्ष्म तारा बसविल्या. कळ दाबली की मेंदूच्या एका विशिष्ट भागास विजेचा सौम्य प्रवाह मिळे. उंदीर ती कळ पुनःपुन्हा दाबू लागले. अन्न, सहवास, अपत्यप्रेम यांची ओढ निर्माण करणारी यंत्रणा मेंदूत असते. डोपामिन हे रसायन तिचा संदेशवाहक. मादक द्रव्ये याच यंत्रणेचा ताबा घेतात. कालांतराने आनंद ओसरतो, ओढ मात्र वाढतच जाते आणि तिला लगाम घालणारा, कपाळामागील मेंदूचा भाग दुबळा होतो. मग ओळखीचा गुत्ता, जुना सोबती, पगाराचा दिवस एवढेही निमित्त पुरते. म्हणूनच व्यसन हा आजार आहे. अर्थात, मधुमेह्याला जसे पथ्य चुकत नाही, तशी व्यसनी माणसाचीही स्वतःची जबाबदारी सुटत नाही.

मात्र मेंदू म्हणजे सर्वस्व नव्हे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सुमारे एक पंचमांश सैनिकांना हेरॉइनचे व्यसन जडले होते. १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या विदुषीने अभ्यास केला. व्यसन जडलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेले जेमतेम पाच टक्के निघाले! रणभूमीवरील भय आणि सहज मिळणारे हेरॉइन मागे पडले. घर, गाव, कामधंदा परत मिळाला. परिस्थिती पालटली, तसा माणूसही पालटला.

२०१८ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक प्रयोग याहून बोलका आहे. मादक द्रव्याची चटक लागलेल्या उंदरांपुढे दोन पर्याय ठेवले गेले : द्रव्य किंवा दुसऱ्या उंदराचा सहवास. त्यांनी सहवास निवडला. परंतु तो सहवास विलंबाने मिळू लागला किंवा त्यासोबत विजेचा झटका बसू लागला, तेव्हा ते पुन्हा द्रव्याकडे वळले. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे खरे. तरीही आपल्या घरात मिळणाऱ्या सहवासाला टोमण्यांचे झटके किती, याचा विचार प्रत्येकाने करावा.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे रुग्णाइतकेच त्याच्या घरच्यांकडेही लक्ष दिले जाते. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट आहे. कारण वर्षानुवर्षे मार, कर्ज आणि अपमान सोसणारी ती माउलीही आजारीच पडलेली असते. तिने सारे निमूट सोसावे, असा सहवासाचा अर्थ मुळीच नाही. मारहाण होत असेल, तर तिचे आणि मुलांचे संरक्षण हेच पहिले कर्तव्य. त्याची देणी परस्पर फेडणे, कामावर खोटे निरोप धाडणे हेही प्रेम नव्हे. त्याने व्यसनच पोसले जाते.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात मद्यपानामुळे मदतीची गरज असलेले ५.७ कोटी लोक आहेत. मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळतात. बाकीच्यांपैकी अनेकांना अडविते ती लाज! ‘लोक काय म्हणतील’ म्हणून घराचे दार बंद होते आणि आत एक कुटुंब विझत जाते.

ते दार ठोठावणे हे कार्यकर्त्याचे काम. उपदेश करू नका. आधी ऐकून घ्या. नित्य भरपूर पिणाऱ्याला दारू एकाएकी सोडायला लावू नका. आकडी, भ्रम होऊन प्राणही जाऊ शकतो. ते वैद्यकीय देखरेखीतच व्हावे. १४४४६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक वस्तीत पोहोचवा. बरा होऊन परतलेल्याला उत्सवात, सेवाकार्यात जबाबदारी द्या. आणि तो पुन्हा घसरला, तर ‘आम्हाला ठाऊकच होते’ असे म्हणू नका. पुन्हा उपचारांकडे न्या.

चंचल मनाला आवरण्यासाठी भगवंतांनी गीतेत अभ्यास आणि वैराग्य सांगितले आहे. अभ्यास म्हणजे एकदाची शपथ नव्हे, रोजची साधना. ती ज्याची त्यालाच करावी लागते. पण त्या वाटेवर त्याला एकटे न सोडणे, हे समाज म्हणून आपले कर्तव्य आहे.