जुन्या वस्तूंची नवी जागा

नवी मुंबईतील उलवे हे सिडकोच्या योजनेतून वाढलेले उपनगर. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि शिवडीहून समुद्र ओलांडून तेथे जाणे सुलभ झाले. अशा नव्या वसाहतीतील बेताच्या सदनिकेत, गावाकडचे घर मोडल्यावर, आजोबांचा शिसवी चौरंग किंवा सागवानी झोपाळा येऊन दाखल होतो. आणि हा ठेवावा तरी कोठे, असा पेच गृहिणीपुढे पडतो.

जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्याजवळ या प्रश्नाचे एक उत्तर असते. मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर कोरीव खुर्च्या, आरसे व कपाटे यांची गर्दी पाहावी. लाकडाचे वजन, सांध्याची घडण आणि हाताळून आलेली झिलई यांवरून अस्सल व बनावट ओळखणारी तेथील जाणत्याची नजर वाखाणण्याजोगी होय. तथापि विक्रीस निघालेली वस्तू आपल्या घरापासून तुटते. वाड्याचे दार एका दिवाणखान्यात जाते, चौकट दुसऱ्या, आणि ते दार कोणाचे, हे सांगणारा कोणी उरत नाही.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांची अभिरुची याहून निराळी होती. चष्म्यांचे दुकान चालविणारे हे गृहस्थ ‘अज्ञातवासी’ या नावाने कविताही लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रहास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दारे, स्वयंपाकाची भांडी यांतील कोणतीच वस्तू त्यांनी क्षुद्र मानली नाही. पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूडास बांधलेल्या महालाचे अवशेष त्यांनी आणविले व आपल्या संग्रहालयात तो महाल पुन्हा उभा करविला. खांब, महिरपी व छत एकत्र राहिल्यामुळेच तेथे पाहणाऱ्यास पेशवाईतील दालनाचा प्रत्यय येतो. अल्पवयात निवर्तलेल्या राजा या पुत्राचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले आणि सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

महाल उभारण्याइतकी जागा सामान्य संसारात कोठून असणार? परंतु केळकरांची दृष्टी दोन खोल्यांतही पाळता येते. दहा वस्तूंची दाटी करण्यापेक्षा एकच वस्तू ठेवावी व तिच्याभोवती थोडी मोकळीक असू द्यावी. चौरंगावर सणासुदीस पूजा मांडावी, झोपाळ्यावर मुलांनी बसावे. वापरातील वस्तूची निगा आपोआप राहते. जुनी झिलई खरवडून नवे चकचकीत रोगण चढविण्याची घाई करू नये, कारण एकदा गेलेली ती झाक परत येत नाही.

आणि एक गोष्ट आजच करावी. त्या वस्तूच्या मागील बाजूस एक चिठ्ठी लावावी: गाव कोणते, घर कोणाचे, ती कोणी करविली. घरातील वडीलधारी मंडळी आहेत, तोवरच हे विचारता येईल. व्यापारी चौरंगाची किंमत सांगेल, मात्र त्याचे गोत्र घरच्यांनाच ठाऊक असते.