पुन्हा गांव बांधतांना
(धर्मग्रामाच्या ज्युबिली सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या निधींतून एका आपत्तिग्रस्त गांवाच्या पुनर्बांधणीस साहाय्य करावें, अशी सूचना आली आहे. ती आम्हांस मान्य आहे. परंतु पैसा देण्यापूर्वीं माळीणचें उदाहरण ध्यानांत घ्यावें.

३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं, पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांतील ह्या आदिवासी गांवावर अतिवृष्टीनें भिजलेला डोंगर कोसळला. १५१ जीव गेले. वाचलेल्यांसाठीं जवळच आमडे येथें नवें गांव उभारण्यांत आलें: पक्कीं घरें, शाळा, रस्ते. २ एप्रिल २०१७ रोजीं तें लोकांच्या स्वाधीन झालें, आणि त्याच वर्षीं जूनच्या पावसांत भराव खचला, रस्ते व गटारें फुटलीं. एकदां डोंगर अंगावर आलेल्या माणसांना त्या वेळीं काय वाटलें असेल!

भिंती उभ्या झाल्या होत्या. जमीन बसलेली नव्हती. उतार कापून केलेल्या भरावास पावसाळे दाखवावे लागतात, आणि डोंगराचें पाणी आपली जुनी वाट सहसा सोडीत नाहीं. हें शेतकऱ्यास ठाऊक असतें. पण त्यास विचारतो कोण? अर्थात् पत्र्याच्या निवाऱ्यांत दिवस काढणाऱ्यांस ‘थांबा’ म्हणणेंही सोपें नाहीं.

म्हणून आमचें मागणें इतकेंच: आराखडा ठरण्यापूर्वीं ओढे व उतार यांची पाहणी व्हावी, शेत व पाणी किती दूर पडेल, हें तेथील स्त्रियांसही विचारावें, आणि आमच्या देणगीचा मोठा हिस्सा गटारें व दरडीचे बांध यांसाठीं राखावा. गटारावर देणगीदाराचें नांव कोरीत नाहींत. तें आम्हांस चालेल.