मंडळाच्या जबाबदारीचा विमा



विमा म्हटला की आपल्याला आयुष्याचा विमा आठवतो. माणूस गेला, तर त्याच्या घरच्यांना पैसे मिळतात. आज आम्ही बोलणार आहोत तो विमा निराळा आहे. आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले, तर ते भरून देण्यासाठी तो असतो.

ही गोष्ट तुम्हांला अगदीच नवी नाही. ज्याच्या घरी मोटारसायकल आहे, त्याला असा विमा उतरवावाच लागतो. थर्ड पार्टी म्हणतात तो. गाडीने कुणाला धडक दिली, तर त्या माणसाची भरपाई विमा कंपनी करते. आता गाडीच्या जागी आपले मंडळ आहे असे समजा.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव मंडळे आहेत. पुष्कळ गावांचे एक मंडळ गावात, तर दुसरे मुंबईत. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, चाकरमान्यांनी पैसे धाडले. त्यातून कुठे देऊळ झाले, कुठे वाचनालय झाले, कुठे शाळेची खोली झाली. शिमग्यात पालखी सहाणेवर येते. रात्री नमन होते. मांडव पडतो, रंगमंच बांधतात, विजेच्या माळा लागतात. चार वाड्यांची माणसे जमतात.

समजा, मांडवाचा एक खांब नीट रोवला नव्हता. तो पडला. शेजारच्या गावची एक बाई खाली बसली होती. तिचा पाय मोडला. बाई मोलमजुरी करणारी. तीन महिने कामावर जाता येणार नाही. दवाखान्याचा खर्च वेगळाच. हा पैसा कुणी द्यायचा?

कुणी म्हणेल, "मंडळ काय नफा कमावते? देवाचे काम. झाले ते झाले." असे बोलणे बरोबर नाही. काम पुण्याचे होते म्हणून मोडलेले हाड लवकर जुळत नाही. निष्काळजीपणा झाला असेल, तर कोर्ट धर्मादाय संस्थेलाही भरपाई द्यायला लावू शकते.

मग पैसा येणार कुठून? मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले असेल, तर संस्थेविरुद्धचा हुकूमनामा संस्थेच्या मालमत्तेवर बजावतात. म्हणजे वाचनालयासाठी जमवलेली शिल्लक त्यात गेली. मंडळ नोंदलेलेच नसेल, तर आणखी पंचाईत. ज्यांनी कार्यक्रम भरवला, त्यांच्यावरच दावा येऊ शकतो. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, सगळे कोर्टाच्या पायऱ्या चढतात. आणि मंडळाकडे पैसाच नसेल, तर बाईच्या हातीही काही पडत नाही.

यासाठी जो विमा आहे, त्याला पब्लिक लायबिलिटी पॉलिसी म्हणतात. आपण त्याला जबाबदारीचा विमा म्हणू. मंडळ हप्ता भरते. मंडळाच्या चुकीने बाहेरच्या माणसाला इजा झाली किंवा त्याची वस्तू मोडली, आणि भरपाई देणे मंडळाला कायद्याने भाग पडले, तर ठरलेल्या रकमेपर्यंत कंपनी पैसे देते. पहिली थोडी रक्कम मात्र बहुधा मंडळालाच सोसावी लागते.

भोपाळला १९८४ साली विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्यानंतर १९९१ साली कायदा झाला आणि धोक्याची रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांना असा विमा सक्तीचा झाला. आपल्या गावच्या मंडळाला त्या कायद्याची सक्ती नाही. म्हणूनच त्याचा विचार आपला आपण करायचा.

मुंबईत किंग्ज सर्कलला जी. एस. बी. सेवा मंडळाचा गणपती बसतो. या मंडळाने २०२२ साली एकूण ३१६ कोटी ४० लाख रुपयांचा विमा उतरवला. लोकांत चर्चा झाली ती सोन्याचांदीची. पण त्यात २० कोटींचा जबाबदारीचा विमाही होता. मांडवात येणाऱ्या भाविकांचा त्यात विचार होता. आम्हांला सोन्यापेक्षा त्याचेच कौतुक वाटते. आपल्या गावाला एवढी रक्कम लागणार नाही, हे उघड आहे.

एका ठिकाणी मात्र घोटाळा होतो. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५० हजार गोविंदांचा विमा उतरवला. तो अपघाताचा विमा होता. थरावरून गोविंदा पडला, तर पैसे गोविंदाला. तोच गोविंदा बघ्याच्या अंगावर पडला, तर बघ्याला त्यातून काही नाही. बघ्यासाठी जबाबदारीचा विमा हवा. मंडळाच्या पगारी माणसांचा विमाही वेगळा असतो.

वादळाचेही तसेच. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली, मंडणगडकडे कितीतरी छपरे उडाली. आपले छप्पर नव्याने घालायला इमारतीचा विमा लागतो. उडालेला पत्रा दुसऱ्याला लागला, तर? वादळ, पूर, भूकंप यांतून आलेली जबाबदारी साध्या पॉलिसीत बहुधा नसते. जादा हप्ता भरून ती घालून घ्यावी लागते. हे आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

अपघात झालाच, तर पहिल्याने जखमी माणसाला दवाखान्यात न्या. त्याला विमा आड येत नाही. मग लगेच कंपनीला लेखी कळवा. पण "चूक आमची, एवढे पैसे देतो" असे कागदावर कंपनीला न विचारता लिहून देऊ नका. तसे केले तर कंपनी हात वर करू शकते. गावात आपण शब्द देऊन मोकळे होतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

हप्ता किती, ते माणसे किती जमतात, जागा केवढी, विमा किती रकमेचा, यावर ठरते. वर्षाचा विमा मिळतो, एका कार्यक्रमापुरताही मिळतो. फटाके उडवणार असाल, तर अर्जात तसे लिहा. लपवले तर पुढे पैसे नाकारले जातील. शिमग्याची बैठक बसते, तेव्हा मांडववाल्याच्या खर्चाबरोबर हा खर्चही मांडा. पॉलिसीचा कागद आला की तो बैठकीत मोठ्याने वाचा. वाचणारे आता तुमच्यातच आहेत.