नदी नसलेल्या गावातले वेस्ट एंड



जगातील नामांकित जुन्या हॉटेलांची साहित्यिक कीर्ती बहुधा पाण्याच्या काठाने वाढलेली दिसते. लंडनचे सॅव्हॉय १८८९ मध्ये टेम्स नदीच्या काठी सुरू झाले. त्याच्या दोन वर्षे आधी, १८८७ मध्ये, बँकॉकच्या ओरिएंटल हॉटेलची नवी इमारत चाओ फ्राया नदीच्या तीरावर उघडली. पुढल्याच वर्षी जोसेफ कॉनरॅड 'ओटागो' या जहाजाचे कप्तानपद घेण्यासाठी त्या शहरात आला. १९२३ मध्ये सॉमरसेट मॉम याच हॉटेलात हिवतापाने अंथरुणाला खिळला. आज त्या हॉटेलातील उंची दालने या दोघांच्या नावांनी ओळखली जातात. मॉमच्या बाबतीत ते सार्थ आहे, कारण बिचाऱ्याने तेथे खरोखरच रात्री काढल्या. कॉनरॅडची नेमणूकच जहाजावर होती. तथापि लेखकाचे नाव दारावर लावताना तो त्या पलंगावर निजला होता की नाही, याची चिकित्सा हॉटेलवाले सहसा करीत नाहीत, आणि प्रवासीही करीत नाहीत.

त्याच १८८७ साली बंगळूर येथे ब्रॉन्सन नावाच्या एका इंग्रज बाईंनी दहा खोल्यांचे एक वसतिगृह काढले. तेच पुढे वेस्ट एंड हॉटेल या नावाने प्रसिद्ध झाले. १९१२ मध्ये ते मद्रासच्या स्पेन्सर कंपनीकडे गेले आणि १९८४ मध्ये त्याची व्यवस्था ताज समूहाने हाती घेतली. घोडदौडीच्या मैदानासमोर सुमारे वीस एकरांची त्याची बाग आहे. तीत दीडशेहून अधिक वर्षांचा विलायती शिरीष, ज्याला इंग्रजीत 'रेन ट्री' म्हणतात, तो अजून उभा आहे. या हॉटेलची साहित्यिक कीर्ती मुख्यतः एका नावावर उभी आहे आणि ते नाव विन्स्टन चर्चिलचे. १९५३ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या लेखकाच्या हातून पुस्तके लिहिली जाऊ लागली ती याच शहरात, हे निर्विवाद आहे.

परंतु या सर्व थाटात एक गोष्ट नाही. बंगळूरला नदी नाही.

हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या माथ्यावर वसले आहे. त्यावर पडणारा पाऊस दोन्ही अंगांनी उतरून जातो. पश्चिमेचे पाणी वृषभावती आणि अर्कावती यांच्या वाटेने कावेरीला मिळते, पूर्वेचे दक्षिण पिनाकिनीकडे जाते. म्हणून येथे राज्य करणाऱ्या प्रत्येकाने तळी बांधली आणि अडविलेल्या पावसावर गाव जगविले. कँटोनमेंट १८०९ मध्ये स्थापन झाल्यावर गोऱ्या पलटणीही अशाच तळ्यांवर आणि विहिरींवर राहिल्या. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने ही व्यवस्था किती दुबळी आहे ते दाखविले. अखेर १८९६ मध्ये, दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत, अर्कावती नदीवरील हेसरघट्टा तलावाचे पाणी वाफेच्या पंपांनी उपसून नळावाटे शहरात आणले गेले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एकवीस वर्षांचा चर्चिल चौथ्या हुसार पलटणीबरोबर बंगळूरला आला. मुंबईच्या ससून डॉकवर पायऱ्या चढताना लोखंडी कडे धरण्याच्या नादात त्याचा खांदा निखळला होता आणि ते दुखणे त्याला जन्मभर पुरले. मध्ये पुण्याला मुक्काम करून तो दक्षिणेस उतरला. त्याचे नाव वेस्ट एंडशी जोडले जाते खरे, पण 'माय अर्ली लाइफ' या १९३० च्या आत्मचरित्रात त्याने मन लावून वर्णन केले आहे ते हॉटेलचे नव्हे. रेजिनाल्ड बार्न्स आणि ह्यूगो बेअरिंग या दोन सहकाऱ्यांबरोबर त्याने घेतलेल्या बंगल्याचे ते वर्णन आहे. गुलाबी-पांढरा गिलावा, जड कौलारू छप्पर, रुंद व्हरांडे, खांबांवर चढलेली बोगनवेल, भोवती बाग. हॉटेलच्या कीर्तीचा विचार करताना या बंगल्यात थोडा वेळ थांबणे आवश्यक आहे, कारण साहित्य घडले ते येथे.

पलटणीतील अधिकाऱ्याचा दिवस पहाटेच्या कवायतीने सुरू होई आणि सायंकाळी पोलोने संपे. मधल्या भर दुपारी इतर अधिकारी पत्ते खेळत किंवा झोप काढीत. चर्चिल त्या वेळात वाचीत बसे. आपले शिक्षण अपुरे राहिले ही टोचणी त्याला होती. वडील, लॉर्ड रँडॉल्फ, १८९५ मध्येच वारले होते. ते गिबनचे भक्त, म्हणून मुलाने आरंभ केला तो रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या त्या आठ खंडी इतिहासापासून. पुस्तके आई विलायतेहून टपालाने पाठवी. मग मेकॉले आला, प्लेटो आला, ॲरिस्टॉटल, माल्थस, डार्विन आले. ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचे वार्षिक खंडही त्याने मागविले. त्यांतील एखादा वादविषय निघाला की प्रत्यक्ष चर्चा वाचण्यापूर्वी तो आपले मत लिहून ठेवी आणि मगच पुढे जाई. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या तरुणाने स्वतःसाठी चालविलेले हे विद्यापीठ होते. त्याच्या पुढील राजकारणाविषयी, विशेषतः भारताविषयीच्या त्याच्या मतांविषयी, भारतीय वाचकाच्या मनात जो राग आहे तो अकारण नाही. पण ही चिकाटी नाकारण्याचे कारण नाही.

या वाचनातून लेखन निघाले. १८९७ मध्ये वायव्य सरहद्दीवरील मोहिमेचा वार्ताहर म्हणून तो पाच दिवसांचा रेल्वेप्रवास करून गेला, परत बंगळूरला आला आणि दोन-अडीच महिन्यांत मलाकंद मोहिमेवरचे पुस्तक लिहून मोकळा झाला. ते १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुद्रिते तपासण्याचे काम इंग्लंडमधील काकाकडे सोपविल्यामुळे त्यात इतके मुद्रणदोष राहिले की पहिल्या पुस्तकाचा आनंद लेखकाला सुखाने घेता आला नाही. (मुद्रिते आप्तांवर सोपवू नयेत, एवढा धडा प्रत्येक भाषेतील लेखक एकदा तरी घेतो.) 'सॅव्हरोला' ही त्याची एकमेव कादंबरीही याच काळातली. तिचे गुण फारसे सांगण्याजोगे नाहीत आणि खुद्द लेखकानेही पुढे मित्रांना ती न वाचण्याचाच सल्ला दिला.

तिसरे पुस्तक मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर १८९८ मध्ये सुदानात ओमदुरमानची लढाई झाली. चर्चिल तीत लढला, वर्षाअखेर पोलोच्या सामन्यासाठी हिंदुस्थानात परतला आणि १८९९ च्या आरंभीचे आठवडे त्याने या मोहिमेचा इतिहास लिहिण्यात घालविले. त्याचा विषय नाईल. वाळवंटातून नदीच्या आधाराने वर सरकणारी फौज, तिच्या आगबोटी, वळणे टाळून वाळूतून नेलेला लोहमार्ग यांची ती कथा. पुस्तकाचे नावच 'द रिव्हर वॉर'. १८९९ च्या नोव्हेंबरात निघालेल्या द्विखंडी आवृत्तीत त्याने सरसेनापती किचनरला महदीच्या कबरीच्या विटंबनेबद्दल दोष दिला. १९०२ च्या संक्षिप्त आवृत्तीत ती टीका गळाली. तोवर लेखक संसदेत पोचला होता. असो. नदी नसलेल्या गावात बसून या तरुणाने नदीच्या युद्धाचा काही भाग लिहिला.

आणि त्याच्या घरी पाणी कोठून येत होते? याचे उत्तर आत्मचरित्रातच, नोकरचाकरांच्या वर्णनात सापडते. प्रत्येक अधिकाऱ्याचा स्वतंत्र बटलर, कपड्यांसाठी वेगळा नोकर, घोड्यांसाठी मोतद्दार; शिवाय तिघांत मिळून दोन माळी, तीन भिस्ती, चार धोबी आणि एक पहारेकरी. शहरात नळ आले त्याच वर्षी आलेल्या या बिऱ्हाडाला तीन भिस्ती लागत होते. स्नानाचे पाणी, घोड्यांचे पाणी, धुण्याचे पाणी, आणि चर्चिलला गुलाबांचा शौक होता, त्या गुलाबांचे पाणी. कातडी पखाल भरली की ती माणसाला वाकवते. ती खांद्यावर घेऊन दिवसातून किती खेपा झाल्या, हे कोणी लिहून ठेवले नाही. दुपारी गिबन वाचण्याची जी फुरसत त्या व्हरांड्यात मिळाली, ती या खेपांतून आलेली होती.

चर्चिलने हे लपविले नाही, हे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे. उलट, थोड्या खर्चात राजासारखे राहता येते याचा आनंद त्याने मोकळेपणाने नोंदविला आहे. पण संख्या दिली आणि नावे दिली नाहीत. किपलिंगने १८९० मध्ये एका भिस्त्याला कवितेचा नायक केले होते, त्यामुळे तो वर्ग इंग्रज वाचकांना अपरिचित नव्हता. बंगळूरच्या त्या तिघांना मात्र एकाही ओळीत नाव मिळाले नाही. वेस्ट एंडच्या बागेलाही आरंभीच्या काळात असेच हात लागले असणार. त्यांच्या नावाचे दालन असण्याचा प्रश्नच नव्हता.

साहित्यिकाला आश्रय देण्याची या शहराची परंपरा इंग्रजांपासून सुरू झालेली नाही, हेही येथे सांगणे प्राप्त आहे. शहाजीराजांच्या बंगळूर येथील दरबारी जयराम पिंड्ये आला आणि त्याने 'राधामाधवविलासचंपू' रचला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. त्या दरबारात अनेक भाषांचे कवी एकत्र जमत. आणि चर्चिल गेल्यावर तीन दशकांनी, १९३० मध्ये, याच शहरात आजीच्या घरी वही उघडून बसलेल्या आर. के. नारायण यांच्या मनात मालगुडी हे गाव उभे राहिले. त्या कल्पित गावाला त्यांनी आगगाडीचे स्थानक दिले आणि शरयू नावाची नदी दिली.

खऱ्या शहराला नदी मिळाली ती १९७४ मध्ये, नळांतून. सुमारे शंभर किलोमीटरांवरून आणि सुमारे पाचशे मीटर उंच चढवून कावेरीचे पाणी बंगळूरला येऊ लागले. २०२४ च्या मार्चमध्ये पाऊस हुकल्याने विंधणविहिरी आटल्या, तेव्हा वस्त्या-वस्त्यांतून पुन्हा पाणी वाहून आणणारी माणसे दिसू लागली. आता ती टँकर चालवितात.

चर्चिलच्या मुक्कामाचा एक कागद मात्र शहरात जपलेला आहे. तेव्हाच्या युनायटेड सर्व्हिस क्लबच्या, म्हणजे आजच्या बंगळूर क्लबच्या, १ जून १८९९ च्या नोंदीत वसूल न होणाऱ्या रकमांची यादी आहे. तीत लेफ्टनंट चर्चिलच्या नावापुढे तेरा रुपये आहेत. ते बुडीत खाती टाकण्यात आले. पाहुणे ती वही पाहायला येतात.