मानेवरचा काळा पट्टा मळ नाही

मी डॉक्टर नाही. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसून कोड लिहिणारा माणूस आहे. आमच्या ऑफिसात मागच्या रांगेत बसलं की पुढच्या बऱ्याच माना काळवंडलेल्या दिसतात, म्हणून हा विषय मीच मागून घेतला.

मानेमागे, काखेत, जांघेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी होते. तिचं वैद्यकीय नाव अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स. कधी सोबत बारीक चामखिळी लोंबतात. घरात मात्र याला मळ म्हणतात. रिश्ता घेऊन पाहुणे येणार म्हटलं की माझी फुफी आतेबहिणीची मान बेसन-लिंबानं लाल होईस्तोवर घासायची. पट्टा जाईना, पोरगी रडायची. तिची पाळी चार-चार महिने येत नव्हती, हनुवटीवर केस उगवत होते. पण या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मान पाहूनच साखर तपासायला लावली. निघालं काय, तर पीसीओएस, आणि साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

आपल्या पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. हे जास्तीचं इन्शुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं. कातडी जाड होते, काळी दिसते. साबणानं ती जाईल कशी? सर्व्हर तापलाय आणि आपण मॉनिटर पुसतोय!

कुणी म्हणेल, मी तर जाड नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण मांडलं. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. म्हणून नुसत्या वजनकाट्यावर जाऊ नका, टेप घ्या. कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी करून घ्या. मानेवर पट्टा असेल तर कंबर कितीही असो, तपासा. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून मधुमेह.

मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय गोरेपणाचं मलम आणू नका. अशा काही मलमांत स्टिरॉइड असतं. त्यानं कातडी पातळ होते आणि इन्शुलिन होतं तिथंच राहतं. वजन थोडं उतरलं, चालणं वाढलं की पट्टा फिका पडू लागतो, पण त्याला महिने लागतात. उतारवयात, वजन आपोआप घटत असताना असा पट्टा अचानक पसरला, तर गोष्ट वेगळी. ती पोटातल्या कॅन्सरची खूण असू शकते. लगेच डॉक्टर गाठा.

आणि मुलींनो, ओढणी किंवा हिजाबमुळे मान झाकलेली असते, डॉक्टरांना ती दिसत नाही. आपणहून दाखवा. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा.