उघड्या मैदानातला खर्ज

बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला 41.2 वेळा कंप पावते. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला, तर त्या एका सुराची लाट 8.3 मीटर लांब भरते. गावातल्या नेहमीच्या वीस फुटी स्टेजपेक्षा लांब. पाच तारांच्या गिटारची खालची तार तर 30.9 वर उतरते. माणसाचा कान या टापूत मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली मोजून दाखवले, की मधल्या पट्टीतल्या सुराइतकाच खालचा सूर ऐकू यायचा असेल, तर त्याला कितीतरी जास्त जोर लागतो. शिवाय सूर एक सप्तक खाली गेला, की तेवढाच आवाज काढायला स्पीकरला चौपट हवा ढकलावी लागते. बेसवादकाने कोणता ॲम्प घ्यावा आणि कोणता बॉक्स, हा सगळा प्रश्न या चौपटीतून निघतो.

विजेच्या बेस गिटारचा आणि तिच्या ॲम्पचा इतिहास येथे जमलेल्या वादकांना ठाऊक आहे. 1951 साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस आणली, 1952 साली बेसमन हा ॲम्प आला आणि 1969 साली ॲम्पेग कंपनीचा 300 वॅटचा एसव्हीटी. त्यातली एकच गोष्ट विसरली जाते. एसव्हीटीचे नाव झाले ते एकट्या 300 वॅटमुळे नव्हे. त्याच्याखाली दहा इंची आठ स्पीकर असलेली बंद कॅबिनेट होती आणि आठ कोन मिळून सुमारे 2700 चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग हवा ढकलत होता. या व्याख्यानाचा आग्रह याच जागी आहे: पैसे आधी बॉक्सवर खर्च व्हावेत, वॅटवर नंतर.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक स्पीकरची एक संवेदनशीलता छापलेली असते. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो आकडा. एक बॉक्स 94 डेसिबलचा आणि दुसरा 100 चा असेल, तर फरक सहाचा दिसतो, पण सहा डेसिबल म्हणजे चौपट वीज. 100 च्या बॉक्सला 250 वॅटचा ॲम्प जे काम करून देतो, त्यासाठी 94 च्या बॉक्सला 1000 वॅट लागतात. वॅट दुप्पट केले तर हाती फक्त तीन डेसिबल येतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा लागतात. उलट अंतर दुप्पट झाले, की उघड्यावर सहा डेसिबल गळतात. एक मीटरवर 124 डेसिबल असलेला आवाज 32 मीटरवर 94 उरतो. छापील आकड्यांबाबत एक सावधगिरी हवी. ते बहुधा मधल्या पट्टीचे असतात. 41 कंपनांपाशी तोच बॉक्स दहा-दहा डेसिबलने खाली बसलेला असू शकतो. म्हणून आकड्याबरोबर कोनचे क्षेत्रफळ पाहावे. दहा इंची कोन सुमारे 340 चौरस सेंटिमीटरचा, बारा इंची 525 च्या आसपास, पंधरा इंची 850 च्या.

बंद सभागृहात भिंती आणि छत खर्जाला परत पाठवतात. तिथे लहान बॉक्सही भरून वाजतो. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत मात्र सभागृहे मोजकीच. कार्यक्रम होतो तो लग्नाच्या मांडवात, आश्रमशाळेच्या पटांगणात, जत्रेच्या मैदानात. मांडवाचे कापड खर्जाला अडवत नाही, परतही पाठवत नाही. मुंबई-ठाण्याच्या स्टुडिओत किंवा नाट्यगृहात तयार झालेला वादक विक्रमगडकडून घाट चढून जव्हारला येतो, तेव्हा त्याचा तोच ॲम्प अर्धा झाल्यासारखा वाटतो. दोष ॲम्पचा नसतो. भिंती घाटाखाली राहिलेल्या असतात.

या तालुक्यांत उघड्यावरच्या वाद्यरचनेचे सर्वोत्तम उदाहरण विजेशिवाय उभे आहे, ते म्हणजे तारपा. वाळलेल्या भोपळ्याचा हवाकोश, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत कंप पावणाऱ्या पट्ट्या, सांध्यांना मेण आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वादक नाकाने श्वास घेत गालांतली हवा सोडत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. जव्हार तालुक्यातील वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. त्यांच्या घराण्यात हे वादन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. भातकापणीच्या सुमारास तारपा गावात निघतो तेव्हा वादक मध्ये असतो आणि नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात. वारली चित्रांतला तो फिरता वेढा जगभर ओळखला जातो, पण त्यातली ध्वनीची व्यवस्था फारशी कोणी पाहत नाही. ज्याला नाचायचे आहे, तो आवाजाच्या उगमापासून पाच-सात पावलांवर आहे. वादक वळला, चालला, की वेढाही त्याच्याबरोबर सरकतो. अंतर दुप्पट होऊन सहा डेसिबल गळण्याची वेळच येत नाही.

तारप्यात आणखी एक गोष्ट आहे आणि बेसवादकाला ती थेट उपयोगाची आहे. पट्टीच्या कंपनातून निघणाऱ्या सुरात मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपसूर भरपूर असतात. कान हे उपसूर ऐकून खालचा मूळ सूर स्वतः भरून घेतो, मूळ सूर क्षीण असला तरी. बेस गिटारच्या तारेलाही हेच लागू पडते. लहान बॉक्समधून 41 ची लाट नीट निघत नाही, पण 82 आणि 123 चे उपसूर स्वच्छ आले, तर ऐकणाऱ्याला त्या जाड तारेचा मूळ सूर, खालचा ई, ऐकू येतो. म्हणूनच मैदानावर खर्जाची कळ पूर्ण फिरवणारा वादक स्वतःचेच नुकसान करतो. स्पीकर न ऐकू येणाऱ्या 30-40 च्या कंपनांत दमतो आणि ऐकू येणारे उपसूर त्याखाली दबतात. 30-35 च्या खालचे सगळे कापून टाकणारी चाळणी ॲम्पमध्ये असेल, तर ती चालू ठेवावी. पोर्ट असलेल्या, म्हणजे पुढे किंवा मागे भोक असलेल्या बॉक्समध्ये तर ती हवीच, कारण त्याच्या ठरलेल्या कंपनाखाली कोनला हवेचा आधार राहत नाही आणि तो बाहेर फेकला जातो. तारप्याचा हा भाग ठरल्यापेक्षा लांबला आहे. पण बॉक्स कसा ऐकावा, हे समजायला या दोन तालुक्यांत याहून चांगला गुरू सापडणार नाही.

आता जागेचा विचार. बॉक्स जमिनीवर ठेवला, की जमीन लाटेचा खालचा अर्धा भाग वर परतवते आणि फुकटात जास्त आवाज मिळतो. फळ्यांच्या पोकळ स्टेजवर ठेवला, तर फळ्या स्वतः घुमतात. तिथे खाली फोमचा जाड तुकडा घालावा. शाळेची भिंत मागे असेल, तर बॉक्स तिला चिकटवून ठेवावा, एक मीटर पुढे नको. एक मीटर अंतरावर भिंतीवरून परतलेली लाट 86 कंपनांच्या सुमाराला मूळ लाटेच्या विरुद्ध येते आणि नेमका गिटारचा भरदार भाग खाऊन टाकते. दोन बॉक्स असतील, तर एकावर एक ठेवावेत. खालचा जमिनीचा फायदा घेतो, वरचा वादकाच्या कानाच्या जवळ येतो. बॉक्स घोट्यापाशी असतो तेव्हा स्वतःचे वाजलेले ऐकू येत नाही म्हणून वादक आवाज वाढवतो, आणि पहिल्या रांगेतल्या लोकांचे हाल होतात.

साऊंडवाल्यांच्या टॉप-बेसलाही, म्हणजे वरच्या सुरांच्या आणि खर्जाच्या बॉक्सलाही, जागेचा हाच विचार लागू आहे आणि या ठिकाणी सभागृहात चुळबुळ होणे स्वाभाविक आहे. स्टेजच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बेस रचले, की शोभा येते, फोटो चांगला निघतो. पण दोन बाजूंच्या लाटा मैदानात काही पट्ट्यांत एकमेकींना मिळतात आणि काही पट्ट्यांत मारतात. मध्यावर बसलेल्यांची छाती धडधडते, दहा पावले बाजूला गेले की खर्ज नाहीसा. चारही बेस स्टेजसमोर मध्यभागी एकत्र ठेवले, तर ते एका मोठ्या स्पीकरसारखे काम करतात. दोन बॉक्स शेजारी आले आणि दोघांना पूर्ण वीज मिळाली, तर खालच्या सुरांत सहा डेसिबलपर्यंत वाढ मिळते. साऊंडवाल्यांचा धंदा रचनेच्या दिमाखावर चालतो, ही त्यांची अडचण खरी आहे. टॉप दोन्ही बाजूंना उंच राहू द्यावेत, दिमाख तिथे जपावा. फक्त बेस मध्ये आणावेत.

विजेची बाजू सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत धोक्याची. खांबावरून मैदानापर्यंत लांब वायर ओढलेली, तिच्यावरच हॅलोजन आणि पाण्याची मोटर. 230 व्होल्टचे बरेच कमी होऊन स्टेजवर पोहोचतात. जड ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प अशा वेळी लवकर फाटतो आणि फाटका आवाज वॅटच्या कमतरतेचा समजला जातो. आजचे दोन-चार किलोंचे क्लास डी ॲम्प स्विचिंग पुरवठ्यावर चालतात. त्यांतल्या काहींवर 100 ते 240 व्होल्ट असे छापलेले असते. या तालुक्यांत वाजवणाऱ्याने तो शिक्का असलेलाच ॲम्प घ्यावा. ॲम्पमध्ये डीआय आउट असावा, म्हणजे गिटारचा सिग्नल थेट मिक्सरला देता येतो. घरघर आली, तर डीआयवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबावे. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची पद्धत मात्र जीवघेणी आहे. एका हातात गिटारच्या तारा, ओठांशी माइक आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक पडला, तर वीज माणसातून जाते. मांडवाच्या मुख्य जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणे हा मांडववाल्याने न चुकवण्याचा खर्च आहे. जनरेटर असेल, तर त्याचे व्होल्ट मीटरवर पाहून मगच ॲम्प लावावा.

ओमचा हिशेब दोन वाक्यांत सांगता येतो. आठ ओमचे दोन बॉक्स समांतर जोडले की चार ओम होतात आणि बहुतेक ॲम्प तिथपर्यंत सुखाने चालतात; तिसरा जोडला की 2.7 वर येते आणि ॲम्प बंद पडतो किंवा जळतो. बॉक्सला नेहमी स्पीकरची जाड वायर लावावी. गिटारची वायर तिथे तापते.

वजनाबद्दल घाट चढणाऱ्याला सांगायला नको. आठ स्पीकरची जुनी कॅबिनेट साठ किलोंच्या पुढे जाते. त्र्यंबककडून तोरंगण घाटाने मोखाड्याला येणाऱ्या पिकअपमध्ये ती की-बोर्ड, पॅड आणि माणसांबरोबर बसत नाही, आणि पहाटे दोनला ती उतरवायला कोणी थांबत नाही. निओडिमियम चुंबकाचे बारा इंची बॉक्स एका हाताने उचलता येतात. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत प्लायचे कोपरे फुगतात आणि कागदी कोन ओल धरतो, म्हणून जून ते सप्टेंबर बॉक्स जमिनीपासून उंच, कोरड्या खोलीत ठेवावेत.

वेळ संपत आली असली, तरी आवाजाच्या नियमाबद्दल बोलणे टाळता येत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते. ही मोजणी ज्या मापाने होते, ते 50 कंपनांचा सूर तब्बल तीस डेसिबलने कमी धरते. त्यामुळे मीटरवर आकडा बरा दिसतो आणि पलीकडच्या पाड्यावर म्हाताऱ्या माणसाची खाट थरथरते. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. आवाज वर न सुटता खाली वाकतो आणि दरी ओलांडून जातो. मीटरची परवानगी आहे म्हणून खर्ज वाढवणे हा शेजारधर्म नाही.

या सगळ्याचा निकाल असा. जव्हार-मोखाड्यात वाजवणाऱ्या बेसवादकाने चार ओमवर 500 वॅटच्या आसपासचा, 100 ते 240 व्होल्टवर चालणारा, डीआय असलेला हलका ॲम्प घ्यावा आणि आठ ओमचे, जास्त संवेदनशीलतेचे, बारा इंची दोन वेगवेगळे बॉक्स. घरगुती कार्यक्रमाला एक न्यावा, मैदानावर दोन. एक बिघडला तरी दुसऱ्यावर रात्र निभते. पंधरा इंची एकटा बॉक्स हा दुसरा पर्याय, पण मैदानासाठी तो पुरा पडत नाही. हजारो वॅटचा आकडा छापलेला स्वस्त बॉक्स घेऊ नये. आणि खरेदीपूर्वी दुकानदाराला विनंती करून, किंवा सोबतच्या वादकाचा बॉक्स उसना आणून, तो गावाच्या पटांगणात ठेवावा, कुणाला तरी वाजवायला बसवावे आणि स्वतः तीस पावलांवर उभे राहून खालचा ई ऐकावा. तो ऐकू आला, तरच पैसे द्यावेत.